तुझ्या गावात देव थांबतो

जानकी,

हॉस्पिटलचा बेड परत गेला. ऑक्सिजनचं मशीन गेलं. उरलेली औषधं मी स्वतः फार्मसीत नेऊन दिली. लोकांनी तुझ्या घरी रघुभावजींच्या फ्रिजमध्ये आणून भरलेले डबे रिकामे केले, घासले, ज्याचे त्याला पोचवले. दोन झाकणं कुणाचीच नाहीत, ती माझ्याकडे आहेत. तेरावं झालं. कामं संपली. आणि हातातली कामं संपली की माझं काय होतं ते तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. म्हणून लिहायला बसले.

गुणगान करणार नाही. तुला ते आवडलं नसतं आणि मला ते येतही नाही. मला भांडायचंय. आपलं भांडण अर्धवट टाकून तू उठून गेलीस, आणि ज्या मुद्द्यावर ते अडलं होतं त्याच मुद्द्यावर तू जाताना मला उभं केलंस. तू म्हणायचीस, माणूस गेलं तरी जिथे देव थांबत नाही ते गाव नव्हे, तो बाजार. मी म्हणायचे, थांबून कुणाचं भलं झालंय?

तर ऐक. तू गेलीस आणि देव थांबला नाही. तू अजून घरातच होतीस, तुझ्या त्या निळ्या पडद्यांच्या खोलीत, आणि तिकडे न्यू लिनच्या देवळात दरवर्षीसारखं त्याचं लग्न लागलं, पंगत बसली, रथ निघाला. तुझ्यासाठी त्याने थांबावं म्हणून मी भांडले. होय, मी. हस हवं तर.

आपली पहिली भेटही भांडणातूनच झाली. तुझं-माझं नाही, माझं आणि माझ्या नवऱ्याचं, अविनाशचं. ऑकलंडला, माउंट रॉस्किलला राहायला येऊन आठवडाही झाला नव्हता, आणि खोक्यांवर मी ‘स्वयंपाकघर’ असं ठळक लिहूनही त्याने ती सगळी गराजमध्ये रचली होती. मी अंगणात उभी राहून त्याला अस्सल नाशिकी भाषेत सुनावत होते. कुंपणाच्या पलीकडून आवाज आला, “मराठी का तुम्ही? आम्हीपण मराठीच.” बघते तर साडी, साडीवर अविनाशच्या मापाचा स्वेटर, हातात बागेचे मोजे. तुझं मराठी माझ्या पणजीच्या वळणाचं आणि हेल तमिळ. मी विचारलं, कुठल्या? तू म्हणालीस, “स्वामीमलै. कुंभकोणमच्या शेजारी. आमची माणसं भोसल्यांबरोबर तंजावरला गेली ती गेलीच. तीनशे वर्षं झाली, परत यायचं तिकीट काढायचं राहिलं.”

मी तुझ्यापेक्षा वर्षाने मोठी निघाले म्हणून त्याच दिवशी अक्का झाले. संध्याकाळी तू फिजोआच्या फळांची चटणी आणून दिलीस. तिच्यात तू मोहरी फार घालतेस असं मी तोंडावर सांगितलं. दुसऱ्या कुणी दार लावलं असतं. तू म्हणालीस, “घालणारच.”

तुझं गाव मी कधी पाहिलं नाही. पण आज मला तिथे डोळे बांधून सोडलं तरी मी चालेन. मधोमध टेकडी, टेकडीवर मुरुगन, वर जायला साठ पायऱ्या आणि प्रत्येक पायरीला एकेका संवत्सराचं नाव. खाली चारी बाजूंनी रथाचे रस्ते, एका रस्त्यावर तुमचं घर. पलीकडच्या गल्लीत कांस्याच्या मूर्ती घडवणाऱ्यांची कानस सकाळपासून सुरू. उत्सवात देव पालखीतून तुमच्या दारावरून जायचा, त्यामुळे तुम्ही सगळे त्याच्याबद्दल शेजाऱ्यासारखं बोलायचात. आज उशीर केला. आज माळ काही बरी नव्हती. परवा माझ्या आजीकडे बघितलंसुद्धा नाही त्याने. मला याची गंमत वाटायची. आमच्याकडे देवाला नवस बोलतात, घाबरतात, साकडं घालतात. देवाच्या उशिरा येण्यावरून कुरकुर करत नाहीत.

आणि देवही नेमका कुठला, तर मुरुगन, म्हणजे आमचा कार्तिकस्वामी. आईने लहानपणीच बजावलं होतं, बाईमाणसाने कार्तिकस्वामीचं तोंड बघायचं नाही, सात जन्म वैधव्य येतं. तुला हे सांगितलं तेव्हा तू कुंपणाला धरून हसलीस. “अक्का, तुमच्याकडे तो ब्रह्मचारी. आमच्याकडे दोन बायकांचा नवरा, घरी गेल्यावर दोघींची बोलणी खातो. त्याला घाबरतेस?”

“मी मानत नाही,” मी म्हटलं. “पण आईला हो म्हटलंय.”

म्हणून तू मला ओढून न्यू लिनच्या देवळात नेलंस तेव्हा मी थेट स्वयंपाकघरात शिरले आणि तिथेच राहिले. पूर्वी टाइल्सचं गोदाम होतं ते. रोलर शटर वर गेलं की गाभारा, आणि मागच्या बाजूला आपला मुदपाक. देव एका भिंतीपलीकडे. इतकी वर्षं मी त्याच्या लग्नाचा स्वयंपाक करवून घेतला, तांदूळ मोजले, मुलांना केस झाकायच्या जाळ्या वाटल्या, गोड पोंगलवर ‘यात काजू आहेत’ अशी चिठ्ठी लावली. (तू म्हणालीस, “देवाच्या प्रसादाला धोक्याची पाटी! मुरुगा, ही बाई बघ!”) अर्चनेच्या काउंटरवर लोकांची नावं-नक्षत्रं लिहून पावत्याही फाडल्या. पण भिंतीपलीकडे कधी गेले नाही. लोक मला भक्त समजायचे. मी व्यवस्थापक होते.

आता ते थांबण्याचं. ते तू मला सांगितलंस तेव्हा आपण कोथिंबीर निवडत होतो.

तू शाळेत होतीस. उत्सवाचा दिवस, सकाळची मिरवणूक निघायच्या बेतात, आणि समोरच्या घरातली म्हातारी गेली. तिचा मुलगा मद्रासला. घरातलं कुणीतरी टेकडीवर जाऊन सांगून आलं, आणि देऊळ बंद झालं. नियमच तसा, तुझ्या गावचा काय आणि तुमच्याकडच्या कुठल्याही देवळाचा काय. देवळाच्या रस्त्यावर माणूस गेलं की ते निघेपर्यंत पूजा नाही, नैवेद्य नाही, घंटा नाही. वरचा देव उपाशी, म्हणून खालचा रस्ता उपाशी. मुलगा बसने यायला दुपार टळली. तोवर फुलांनी सजवलेली पालखी तशीच आत. तू भुकेने रडायला लागलीस, तर तुझ्या अप्पांनी म्हटलं, “तोही जेवला नाही, तो रडतोय का?” मग म्हातारीला नेलं, रस्त्यावर पाणी मारलं, दार उघडलं. “त्या दिवशी मला कळलं, तो मोठा बिठा असेल पण आधी शेजारी आहे,” तू म्हणालीस.

मी काय म्हणाले ते मला पक्कं आठवतं. मी म्हटलं, आमच्या रामकुंडावर ये. एका पायरीवर कुणी अस्थी सोडतंय, दुसऱ्या पायरीवर बाळाचं जावळ, तिसऱ्या पायरीवर एक बाई गोधडी आपटतेय आणि तिच्यामागे भाजीवाला ओरडतोय. कुणी कुणासाठी थांबत नाही. म्हणूनच तर सगळ्यांना जागा होते. गोदावरी थांबली असती तर रांग त्र्यंबकपर्यंत गेली असती.

“तुझी नदी आहे, अक्का. नदीला थांबता येत नाही. देवाला येतं, म्हणून त्याने थांबायचं.”

“आणि जे लांबून आलेत त्यांनी?”

“त्यांनीही.”

तू कोथिंबिरीची मुळं माझ्या ताटात ढकललीस आणि विषय तुझ्या बाजूने संपवल्यासारखं केलंस.

तो संपला नव्हता. मागच्या का त्याच्या मागच्या वर्षी उत्सवाच्या तोंडावर आपले फुलंवाले ताता गेले. देवळातल्या सगळ्या माळा तेच ओवायचे, कुणाशी फारसं बोलायचे नाहीत. तू कमिटीत उभी राहिलीस आणि म्हणालीस, ताता निघेपर्यंत उत्सव नको. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण भाजी चिरून झाली होती, रस्ता बंद करायची कौन्सिलची परवानगी त्याच दिवसाची होती आणि ऑकलंडबाहेरून माणसं निघाली होती. मी बोलले. “गेलेल्या माणसासाठी आलेल्या माणसांना परत पाठवणं ही कुठली भक्ती?” टाळ्या नाही वाजल्या, पण माना हलल्या. उत्सव झाला. तू आली नाहीस. तातांच्या घरी जाऊन बसलीस. मग बरेच दिवस कुंपणावर शुकशुकाट. एका सकाळी चटणीची बाटली ठेवलेली दिसली. मोहरी नेहमीपेक्षा जास्त. मी समजले.

एकदाच तू त्यावर बोललीस. “लोकांना उपाशी ठेव असं मी म्हणत नव्हते ग. सोबत बसा म्हणत होते. त्यानेही बसावं.”

जानकी, मी आजही म्हणते, माझा मुद्दा बरोबर होता. फक्त तो तुला लागू व्हायला नको होता.

आणि सोबत बसणं म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं असंही नाही. लॉकडाऊनमध्ये आई गेली तेव्हा सीमा बंद होत्या. नाशिकला जाणं सोड, मला तुझ्या घरात येता येत नव्हतं. भावाने फोनवर सगळं दाखवायचं ठरवलं, पण तिकडे कागदपत्रं, गाडी, नंबर, सगळं लांबत गेलं. मी अंगणात फोन हातात धरून बसले कारण घरात बसवेना. तू तुझ्या बाजूला खुर्ची आणून टाकलीस. तिथेच बसलीस. मध्ये पाऊस आला, तू छत्री आणलीस, मला एक कुंपणावरून दिलीस. मला वाटलं तू जेवून आली असशील. संध्याकाळी भावाने ‘झालं’ म्हटलं तेव्हा तू उठलीस, आणि उठताना कुंपण धरलंस, तेव्हा लक्षात आलं की तुझ्याही पोटात सकाळपासून काही नाही. मी रागावले. शुगर आहे तुला, अक्कल आहे का, असं म्हणाले. त्या दिवशी तुला मी रागावले, जानकी. आभार मानायचे होते. ते जमलं नाही, आणि नंतर इतका उशीर झाला की म्हणायला लाज वाटायला लागली.

आजाराबद्दल लिहीत नाही. तो मी पूर्ण पाहिलाय आणि मला तो परत लिहून काढायचा नाही. शेवटच्या आठवड्यात तू फार झोपायचीस. उठलीस की कामाचंच विचारायचीस, म्हणून मला बरं वाटायचं. गुरुवारी दुपारी डोळे उघडलेस आणि म्हणालीस, “रविवारी पायसमला नारळाचं दूध शेवटी घाल, गॅस बंद करून. गेल्या वर्षी फुटलं होतं.”

“फुटलं नव्हतं,” मी म्हटलं.

“फुटलं होतं, अक्का.”

हे आपलं शेवटचं बोलणं. शुक्रवारी सकाळी रघुभावजींनी फोन केला नाही, कुंपणाशी येऊन उभे राहिले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं आणि गॅस बंद केला.

फ्युनरलवाल्या बाईला मी भीतभीत विचारलं, सोमवारी दहन आहे, तोवर तिला घरी ठेवता येईल का? ती स्वतः माओरी होती, त्यांच्यात गेलेल्या माणसाला एकटं ठेवत नाहीत. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी विचारतेय पाणी ओलं असतं का. म्हणाली, “ऑफ कोर्स, डिअर. शी शुडंट बी अलोन.” शनिवारी सकाळी त्यांनी तुला परत आणलं. तुझी मोरपंखी कांजीवरम मी आणि तुझ्या लेकीने, मीनूने, काढून ठेवली होती.

पण त्याआधी, शुक्रवारी संध्याकाळीच, कमिटीची व्हिडिओ मीटिंग झाली. मी म्हटलं, जानकी सोमवारी निघेल. तोपर्यंत देवाचं लग्न नको. पुढच्या रविवारी करू.

आपले अध्यक्ष म्हणाले, अगदी हळू, त्यांना वाईट वाटत होतं हे दिसत होतं: “मॅडम, तातांच्या वेळी तुम्हीच म्हणाला होतात. आलेल्या माणसांना परत पाठवणं ही कुठली भक्ती. आम्ही तेव्हा ते मानलं.”

“तेव्हाची गोष्ट वेगळी होती.”

“कशी?”

मी गुरुक्कलांकडे, आपल्या पुजाऱ्यांकडे, वळले. त्यांनी चष्मा काढून पुसला. “अम्मा, नियम देवळाच्या रस्त्याचा. हे न्यू लिन. त्यांचं घर माउंट रॉस्किल. शास्त्राने मी थांबवू शकत नाही.”

“गाडीने पंधरा मिनिटं आहे, स्वामी.”

“हो, अम्मा.”

“ऑकलंडमध्ये पंधरा मिनिटं म्हणजे शेजारच.”

मी माझ्याच मुद्द्याने हरले. कौन्सिलची परवानगी, ट्रेलरवर बांधलेला रथ, पुकेकोहेहून येणाऱ्या भाज्या, सगळं मीच जुळवून आणलं होतं. ते मोडायलाही मीच सर्वांत कमी तयार असायला हवी होते. मी म्हटलं ठीक आहे, उत्सव करा, मी येणार नाही.

रविवारी मी तुझ्याजवळ बसले. रघुभावजी एका खुर्चीवर, मी दुसऱ्या, मीनू खाली जमिनीवर, तुला टेकून. फोन वाजतच होता. मावशी, मोठा झारा कुठाय? मावशी, ट्रॅफिकचे कोन्स लावायचे कुठून कुठपर्यंत? मॅडम, हिंग संपला. मी कुजबुजत सगळ्यांना सांगत होते. वरच्या फडताळात. गेटपासून टायरच्या दुकानापर्यंत. दुसरी डबी निळ्या क्रेटमध्ये. पायसमवाल्या मुलाने विचारलं, दूध कधी घालू? मी म्हटलं, शेवटी. गॅस बंद करून. आणि फोन उलटा ठेवला.

मीनू म्हणाली, “मावशी, यू शुड गो. मम असती तर म्हणाली असती, हू इज वॉचिंग द किचन?”

एवढं मराठी ती एरवी बोलत नाही. मी तिला म्हटलं, नाही जाणार, आणि का नाही ते सांगितलं. समोरची म्हातारी, मद्रासचा मुलगा, आत अडकलेली पालखी. तू तिला हे कधी सांगितलं नव्हतंस? ती ऐकत राहिली.

“सो गॉड जस्ट वेट्स?”

“हो.”

“न खाता?”

“न खाता.”

“दॅट्स सो नाइस,” ती म्हणाली आणि रडायला लागली. मग नाक पुसून, तुझ्यासारख्याच भुवया जवळ आणून तिने विचारलं, “पण त्याला कळतं कसं?”

“घरातलं कुणीतरी जाऊन सांगतं.”

“देन डिड एनीवन टेल हिम? कमिटीला नाही. हिम.”

रघुभावजींनी पहिल्यांदा मान वर केली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. शुक्रवारपासून मी बँकेला सांगितलं होतं, तुझ्या वॉर्डच्या नर्सेसना सांगितलं होतं, कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याला सांगितलं होतं, स्वामीमलैला तुझ्या भावाला सांगितलं होतं, प्रत्येक वेळी त्याच चार शब्दांत, आवाज न हलू देता. ज्याच्यावर मी चिडले होते त्यालाच कुणी सांगितलं नव्हतं.

“मी आणि मीनू इथून हलू शकत नाही,” रघुभावजी म्हणाले. “तू जा, अक्का.” त्यांनी मला अक्का म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

मयताच्या घरातून तसंच देवळात जायचं नाही. घरी गेले, डोक्यावरून पाणी घेतलं, ओल्या केसांची गाठ मारली. अविनाश दारात होता. त्याला सांगितलं, कुठे चाललेय आणि कुणासमोर. मी आईला दिलेला शब्द त्याला ठाऊक होता. तरी म्हणाला, “जा. माझा विमा आहे.” मी गाडीत बसल्यावर हसले आणि तिथून न्यू लिनपर्यंत रडले.

पार्किंग भरलं होतं. पिवळ्या जाकिटातल्या आपल्याच पोराने मला अडवलं, “सॉरी मावशी, फुल,” आणि मग चेहरा बघून कोन बाजूला केला. मी सवयीने मागच्या दाराकडे वळले. मुदपाकातून साजूक तुपाचा वास येत होता. मग पुढे गेले, चपला काढल्या आणि माणसांमध्ये रांगेत उभी राहिले. मला कुणी ओळखलं नाही. रांगेत मी कधी नसतेच.

पडदा ओढलेला होता, आत नैवेद्य चालला होता. तो जेवत होता, जानकी. मला इतका राग आला. तू तिकडे, आणि तो जेवत होता.

मग घंटा झाली आणि पडदा सरकला.

मला वाटलं होतं मोठा असेल. केवढासा आहे तो. तुझ्या गावच्या कांस्याचा, दोन्ही बाजूंना दोघी, गळ्यात इतक्या माळा की हनुवटी दिसेना, आणि चेहऱ्यावर नव्या नवरदेवाचं ते भाबडं हसू, ज्याला बोहल्यामागे काय गोंधळ चाललाय याचा पत्ता नसतो. हा काही कुणाचं वैधव्य ओढवून आणेल असं वाटेना. ह्याला काहीच माहीत नव्हतं. मागची माणसं ढकलत होती. मी बोलायला तोंड उघडलं. वाक्य तयार होतं. तेच चार शब्दांचं, जे मी सगळ्यांना सांगितलं होतं.

गुरुक्कल तबक घेऊन समोर आले. त्यांनी मला ओळखलं. पण रांग मोठी होती आणि तोंडाला सवय होती, त्यांनी विचारलं, “नाव? नक्षत्र?”

“जानकी,” मी म्हटलं. “स्वाती.”

दर वर्षी तुझ्या अर्चनेची पावती मीच फाडायचे, मला पाठ होतं. जिभेवर तेच आलं. पुढचं आलं नाही. मी परत प्रयत्न केला, आलं नाही. गेलेल्या माणसाच्या नावाने अर्चना करत नाहीत, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, आणि शुक्रवारी मीटिंगमध्ये ते तासभर माझ्यासमोर बसले होते. मागून कुणीतरी म्हटलं, स्वामी, लवकर. त्यांनी डोळे मिटले, त्याच्याकडे वळले, आणि खणखणीत आवाजात तुझं नाव घेतलं, तुझं नक्षत्र घेतलं आणि तुझ्यासाठी आयुष्य मागितलं, आरोग्य मागितलं, आणि फुलं वाहिली.

त्याने ऐकलं. इतकी माणसं होती तरी ऐकलं असणार, तू म्हणायचीस त्याचे कान तिखट आहेत.

मी बाहेर आले तेव्हा रथ निघत होता. नादस्वरम सुरू झालं, पोरांनी दोर उचलला. मी बाजूला झाले आणि त्याला जाऊ दिलं. माझा राग गेला होता. त्याच्या लेखी तू न्यू लिनलाच कुठेतरी आहेस, गर्दीत, मागे राहिली असशील.

मीनूने दारातच विचारलं, “डिड यू टेल हिम?”

“गर्दी होती,” मी म्हटलं.

सोमवारी तू निघालीस. त्यानंतर मी दोनदा देवळापर्यंत जाऊन आले, गाडीतून उतरले नाही. सांगायला हवं, मला कळतं. घरचं माणूसच सांगतं, आणि रघुभावजींनी ते काम मला दिलंय. आजवर मी कुठलं काम अर्धवट ठेवलेलं नाही, तू साक्षीदार आहेस. हे एक मी करणार नाही, जानकी.